आई-वडिलांची सिडनी भेट: आठवड्याचे सातही दिवस कसे आखावेत

सिडनीत नोकरी करणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे आई-वडील दोन-तीन महिन्यांसाठी येतात, तेव्हा तिकीट, व्हिसा आणि विमा या गोष्टी सहसा काटेकोरपणे पार पडतात. फिरण्याचा विषय मात्र ‘शनिवार-रविवारी बघू’ एवढ्यावर राहतो. मग सोमवार ते शुक्रवार घरातली सगळी मंडळी ऑफिसला आणि शाळेला निघून जातात, वडील रोज त्याच रस्त्याने चक्कर मारून येतात, आई संध्याकाळच्या स्वयंपाकाची तयारी करून ठेवते, आणि शनिवार उजाडला की राहून गेलेले सगळे बघणे एका दिवसात कोंबले जाते. त्या एका दिवसात नोकरीने थकलेली मुलेही दमतात आणि सत्तरीचे गुडघेही.

म्हणून नियोजनाची सुरुवात उलट्या बाजूने करावी, असे मला अगदी मनापासून वाटते. आई-वडील आपल्या सोबतीशिवाय आणि मोटारीशिवाय कुठे-कुठे जाऊ शकतील हे आधी ठरवावे, त्यासाठी लागणारी तयारी पहिल्या आठवड्यात करून घ्यावी, आणि मोटारीने जाण्याची ठिकाणे तेवढी सुट्टीच्या दिवसांसाठी राखून ठेवावीत. सिडनी यासाठी फार सोयीचे शहर आहे, कारण इथले सर्वांत देखणे दृश्य म्हणजे बंदर, आणि ते साध्या सार्वजनिक फेरीबोटीत बसून पाहता येते.

केव्हा बोलवावे

दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात हे सर्वांना ठाऊक असते, तरीही तारखा ठरवताना मे महिन्याची सुट्टी डोक्यात असल्यामुळे आई-वडील नेमके इथल्या हिवाळ्याच्या तोंडावर येऊन पोहोचतात. जून ते ऑगस्ट या काळात सिडनीत बर्फ पडत नाही, पण रात्रीचे तापमान आठ-नऊ अंशांपर्यंत उतरते, अनेक घरे आतून बाहेरच्याइतकीच गार असतात, आणि जूनमध्ये संध्याकाळी पाचच्या आत सूर्य मावळतो. डिसेंबर-जानेवारीत दिवस रात्री आठपर्यंत लांबतो, पण शाळांची मोठी सुट्टी असल्याने विमानाची तिकिटे महागतात आणि किनारे गर्दीने फुलून जातात. शिवाय दुपारचे ऊन वयस्कर माणसांना सोसण्याजोगे नसते.

मार्च ते मेचा मध्य आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हे दोन काळ सर्वांत चांगले. मार्चमध्ये समुद्राचे पाणी वर्षातले सर्वांत कोमट असते, त्यामुळे नातवंडांबरोबर पाण्यात पाय बुडवायचे असतील तर तोच महिना निवडावा. ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत उपनगरांतले रस्ते जॅकरँडाच्या जांभळ्या फुलांनी भरून जातात, आणि पिल्लांना घेऊन दक्षिणेकडे परतणारे हंपबॅक देवमासेही याच सुमारास किनाऱ्यावरून दिसू शकतात. एक बारीकशी गोष्ट तारखा ठरवतानाच लक्षात घ्यावी: इथली घड्याळे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी एक तास पुढे जातात आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतात, त्यामुळे भारताशी वेळेचा फरक कधी साडेचार तासांचा, तर कधी साडेपाच तासांचा असतो.

व्हिसा, विमा आणि औषधे

भारतीय पासपोर्टवर आई-वडिलांच्या भेटीसाठी ‘सबक्लास ६००’ हा व्हिजिटर व्हिसा लागतो. अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि त्यानंतर व्हिसा केंद्रात जाऊन बोटांचे ठसे व छायाचित्र द्यावे लागते. या व्हिशाचे पर्यटकांसाठीचा आणि इथल्या नातेवाइकाने पुरस्कृत केलेला असे दोन मार्ग आपल्या उपयोगाचे आहेत. दुसऱ्या मार्गात मुलाकडून अनामत रक्कम मागितली जाऊ शकते, आणि देशात राहून मुदत वाढवता येणार नाही अशी अट त्या व्हिशावर असतेच. ही ‘८५०३’ क्रमांकाची अट पर्यटक मार्गाच्या व्हिशावरही लावली जाऊ शकते, म्हणून व्हिसा हाती आल्यावर त्यावरच्या अटी शांतपणे वाचून काढाव्यात. वय पंचाहत्तर किंवा त्याहून अधिक असेल तर वैद्यकीय तपासणी करावी लागते, आणि तिच्यासाठी वेळ हाताशी ठेवावा लागतो. व्हिसा मिळण्याआधी पैसे परत न मिळणारी तिकिटे काढू नयेत.

कागदपत्रांत सर्वांत जास्त अडते ते नाते सिद्ध करताना. लग्नानंतर आईचे नाव बदललेले असते, मुलाच्या जन्मदाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरे आणि बँकेच्या खात्यावर तिसरेच; अशा वेळी विवाह प्रमाणपत्र आणि नावांचा मेळ घालणारे प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच जोडावे, मागणी येण्याची वाट पाहू नये.

विम्याच्या बाबतीत काटकसर करू नये. ऑस्ट्रेलियाचा काही देशांशी परस्पर आरोग्यसेवेचा करार आहे, त्यांत भारत नाही. म्हणजे सरकारी मेडिकेअर योजनेचा लाभ पाहुण्यांना मिळत नाही, आणि इथे रुग्णवाहिकेचेसुद्धा बिल येते. विमा घेताना मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया हे सारे स्पष्ट नोंदवावे आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठी नेमके काय मिळेल ते लेखी स्वरूपात पाहावे. केवळ हप्ता कमी म्हणून पॉलिसी निवडली, की नेमका हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास तिच्या बाहेर राहतो.

रोजची औषधे तीन महिने पुरतील इतकी स्वतःच्या वापरासाठी आणता येतात. ती मूळ वेष्टनात असावीत आणि सोबत डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी असावी, जिच्यावर औषधाच्या कंपनीचे नाव लिहिण्याऐवजी मूळ घटकाचे नाव लिहिलेले असेल. भारतातली चिठ्ठी दाखवून इथल्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधे घेता येत नाहीत. त्यामुळे मुक्काम तीन महिन्यांहून मोठा असेल तर इथल्या डॉक्टरांची एक भेट आधीच नियोजनात धरावी.

सामान आणि विमानतळावरची तपासणी

शेती आणि पशुधनाला बाहेरून रोग येऊ नयेत म्हणून ऑस्ट्रेलिया खाण्याच्या आणि वनस्पतिजन्य वस्तूंबाबत अत्यंत कडक आहे. प्रवाशाला भरून द्यावे लागणारे पत्रक प्रत्येकाने स्वतःच्या सहीने द्यायचे असते, आणि त्यात खाद्यपदार्थ, बिया, लाकडाच्या किंवा कातड्याच्या वस्तू आहेत का असे थेट विचारलेले असते. नियम एकच पाळावा: शंका असेल तर ‘होय’ लिहावे. नोंदवलेली वस्तू चालण्यासारखी नसली तर फार तर काढून घेतली जाते. लपवलेली वस्तू सापडली तर जागेवर मोठा दंड होतो आणि पाहुण्यांचा व्हिसाही रद्द होऊ शकतो.

आईच्या बॅगेत काय असते हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून निघण्याच्या आधी फोनवर एकेक वस्तू विचारून घ्यावी. पेढे, बर्फी यांसारख्या दुधाच्या मिठाया, ताजा कढीपत्ता, फळे, नारळ, पेरण्याच्या बिया, पूजेसाठीची फुले आणि पाने यांच्यापैकी काहीही आणू नये. दळलेले मसाले, लोणचे, चिवडा असे पदार्थ आणायचे झाल्यास कारखान्यात बंद केलेल्या, घटकांची यादी छापलेल्या पाकिटातले आणावेत, ते सगळे एकाच बॅगेत वरच्या बाजूला ठेवावेत आणि पत्रकात नोंदवावेत. अधिकाऱ्याने विचारले तर बॅग उघडून दाखवणे दोन मिनिटांचे काम होते. दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा त्याहून अधिक रोख रक्कम जवळ असेल तर तीही जाहीर करावी लागते.

तिकीट काढतानाच व्हीलचेअरची सोय मागून घ्यावी. चालता येत असले तरी ती मागावी, कारण सिंगापूर किंवा क्वालालंपूरसारख्या ठिकाणी विमान बदलताना लांबचे अंतर आणि अनोळखी फलक यांचा ताण त्या सोबतीच्या माणसामुळे पूर्णपणे हलका होतो.

पहिला आठवडा हा तयारीचा

पहिल्या तीन-चार दिवसांत सकाळचा कार्यक्रम ठरवू नये. उन्हाळी वेळ चालू असताना सिडनीत सकाळचे सहा वाजतात तेव्हा आई-वडिलांच्या शरीरासाठी रात्रीचे साडेबारा झालेले असतात. त्यांना दहापर्यंत झोपू द्यावे आणि दुपारी उन्हाची तिरीप कमी झाल्यावर जवळच्या बागेत न्यावे. याच दिवसांत स्थानिक सिम कार्ड घ्यावे, घराचा पत्ता आणि दोघांचे फोन नंबर लिहिलेला कागद प्रत्येकाच्या पाकिटात ठेवावा, आणि आणीबाणीचा क्रमांक तीन शून्य, म्हणजे ०००, हा तोंडपाठ करून घ्यावा. इंग्रजीची भीती वाटत असेल तर १३१ ४५० या क्रमांकावर सरकारी दुभाषा सेवा आहे आणि तिथे हिंदी बोलणारे दुभाषे मिळतात, हेही त्यांना सांगून ठेवावे.

प्रवासासाठी ओपल कार्ड घ्यावे. रेल्वे, मेट्रो, बस, लाइट रेल आणि फेरीबोट या सर्वांना हे एकच कार्ड चालते. प्रत्येक माणसाचे कार्ड वेगळे हवे, आणि चढताना जसे ते यंत्राला लावायचे तसेच उतरतानाही लावायचे. उतरताना विसरले तर त्या मार्गाचे सर्वाधिक भाडे कापले जाते. बँकेचे कार्डही चालते, भाडेही प्रौढांचे तेवढेच पडते, परंतु चढताना फोन आणि उतरताना प्लॅस्टिकचे कार्ड असा घोळ झाल्यास यंत्र त्यांना दोन वेगळे प्रवासी समजते. त्यामुळे ज्येष्ठांसाठी वेगळे ओपल कार्डच बरे. भाड्याला रोजची आणि आठवड्याची कमाल मर्यादा असते. प्रौढांसाठी आठवड्याची मर्यादा ५० डॉलर आहे, आणि शुक्रवार, शनिवार व रविवार या दिवसांची रोजची मर्यादा इतर दिवसांच्या निम्मी असते. ज्येष्ठ नागरिकांची सवलत पाहुण्यांना मिळत नाही, मात्र चार ते पंधरा वर्षांच्या नातवंडांना अर्धे भाडे पडते. विमानतळावरच्या स्थानकांवर भाड्याखेरीज माणशी वेगळे शुल्क आकारले जाते, त्यामुळे चार माणसे आणि भरपूर सामान असेल तेव्हा मोटारच स्वस्त पडते.

वाट शिकवण्याची एक रीत उपयोगी पडते. पहिल्यांदा आपण सोबत जावे. दुसऱ्यांदा वाट त्यांनी दाखवावी, गाडी त्यांनी ओळखावी, कार्ड त्यांनी लावावे, आणि आपण काही न बोलता मागून चालावे. चुकीच्या फलाटाकडे वळले तरी लगेच हाक मारू नये. इंडिकेटर वाचून ते स्वतः परत फिरतात आणि त्या एका क्षणानंतर त्यांना शहराची भीती वाटेनाशी होते. तिसऱ्यांदा ते एकटे जाऊ शकतात.

आणखी एक गोष्ट, जिच्याविषयी ज्येष्ठ माणसे संकोचाने बोलत नाहीत आणि जिच्यामुळे बाहेर पडणेच टाळतात, ती म्हणजे स्वच्छतागृह. ऑस्ट्रेलिया सरकारचा ‘नॅशनल पब्लिक टॉयलेट मॅप’ नावाचा नकाशा फोनवर मिळतो; त्यात जवळचे सार्वजनिक स्वच्छतागृह कुठे आहे आणि ते कोणत्या वेळी उघडे असते हे दिसते. तो वापरायला शिकवावा. नळाचे पाणी सर्वत्र पिण्याजोगे आहे, त्यामुळे रिकामी बाटली सोबत असली की पुरते.

बंदर, फेरीबोटीतून

सर्क्युलर की हे सगळ्या भटकंतीचे केंद्र. इथले रेल्वे स्थानक जमिनीपासून उंचावर आहे; गाडीतून उतरून फलाटाच्या बंदराकडच्या बाजूला उभे राहिले की एकीकडे हार्बर ब्रिज, दुसरीकडे ऑपेरा हाउस आणि मधोमध हिरव्या-पिवळ्या बोटी असा सगळा देखावा एका नजरेत येतो. पहिल्यांदा आई-वडिलांना घेऊन येताना इथून लगेच जिना उतरायची घाई करू नये.

पहिली बोट मॅन्लीची घ्यावी. ती तिसऱ्या धक्क्यावरून सुटते आणि साधारण अर्ध्या तासात पोहोचते. जाताना उजव्या हाताला, शक्य असल्यास बाहेरच्या बाकावर बसावे. बोट धक्का सोडते आणि ऑपेरा हाउस अगदी जवळून सरकू लागते, तेव्हा दुरून एकसारखे पांढरे वाटणारे ते छप्पर एकरंगी नाही हे कळते: चकचकीत पांढऱ्या आणि मंद साय-रंगाच्या अशा दोन प्रकारच्या दहा लाखांहून अधिक फरशा तिथे बसवलेल्या आहेत, आणि प्रकाश फिरेल तसा त्यांच्यातला फरक उमटतो. डॅनिश वास्तुरचनाकार यॉर्न उट्झन यांचा आराखडा १९५७ साली निवडला गेला आणि इमारत खुली झाली ती १९७३ साली. मधली सोळा वर्षे इथल्या राजकारणाने आणि अभियांत्रिकीने घेतली, आणि उट्झन १९६६ मध्येच काम सोडून गेले. एवढी गोष्ट सांगितली तरी इमारतीकडे बघण्याची दृष्टी बदलते.

पुढे बोट पूर्वेकडे वळते, दोन्ही तीरांवरची घरे मागे पडतात, आणि वीसेक मिनिटांनी उत्तरेचा नॉर्थ हेड आणि दक्षिणेचा साउथ हेड या दोन कड्यांमधली उघडी जागा समोर येते. इथूनच पॅसिफिक महासागर बंदरात शिरतो. इतका वेळ शांत चाललेली बोट इथे आडवी डोलू लागते, वारा एकदम गार होतो, आणि काही मिनिटांतच मॅन्लीच्या आडोशाला पुन्हा पाणी स्थिरावते. ज्यांना मळमळ होते त्यांनी खालच्या मजल्यावर मध्यभागी बसावे. समुद्र फार खवळलेला असेल त्या दिवशी या फेऱ्या रद्दही होतात, म्हणून निघण्यापूर्वी वेळापत्रक पाहावे.

मॅन्लीला उतरल्यावर ‘द कॉर्सो’ नावाच्या पादचारी रस्त्याने दहा मिनिटांत महासागराचा किनारा येतो. तिथून उजवीकडे सपाट फरसबंद वाटेने गेले की शेली बीच लागतो. ही छोटी, शांत पाण्याची खाडी संरक्षित आहे, आणि कठड्यावरून खाली पाहिले तर मोठाले मासे निर्धास्त फिरताना दिसतात. चढ जवळपास नाही, बाकडी जागोजागी आहेत. गुडघे दुखणाऱ्यांना सिडनीत याहून सुखद वाट मला माहीत नाही.

दुसरी बोट नदीची. अनेक मराठी कुटुंबे पॅरामॅटा, वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल या पश्चिमेकडच्या भागांत राहतात, आणि त्यांच्याकडे आलेल्या आई-वडिलांसाठी तर ही बोट घराच्या वाटेवरचीच म्हणावी लागेल. सकाळी रेल्वेने शहरात यावे आणि परतताना सर्क्युलर कीहून पॅरामॅटा नदीची बोट धरावी. हा प्रवास सुमारे दीड तासाचा आहे. बोट हार्बर ब्रिजच्या खालून जाते, १९३५ साली सुरू झालेल्या ल्यूना पार्कचा हसरा चेहरा दिसतो, पुढे कॉकटू आयलंड येते. एकेकाळी शिक्षा झालेल्या कैद्यांचे आणि नंतर जहाजबांधणीचे हे बेट आता जागतिक वारशाच्या यादीत आहे. शेवटी पात्र अरुंद होत जाते आणि दोन्ही बाजूंनी खारफुटी जवळ येते. ओहोटीच्या वेळी बोट रायडलमेरपर्यंतच जाते आणि पुढचा टप्पा बसने करावा लागतो. आई-वडिलांना हे आधी सांगून ठेवले नाही तर मधेच उतरवल्यावर ते गोंधळून जातात.

पायी आणि लिफ्टने

हार्बर ब्रिज १९३२ साली खुला झाला. कमानीच्या माथ्यावर दोर बांधून चढण्याचा कार्यक्रम तरुणांसाठी ठेवावा आणि ज्येष्ठांना पुलाच्या पूर्वेकडच्या पादचारी मार्गाने चालत न्यावे. त्याला पैसे लागत नाहीत, आणि दोन्ही टोकांना लिफ्ट असल्याने पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. रॉक्स भागातल्या कंबरलँड स्ट्रीटवरून वर जावे, साधारण एक किलोमीटर चालून मिल्सन्स पॉइंटला उतरावे आणि तिथल्या धक्क्यावरून बोटीने परत यावे. एकच दिशा चालायची, हे महत्त्वाचे. परतीचे अंतरच माणसांना दमवते.

दुसरी वाट ऑपेरा हाउसपासून १८१६ साली स्थापन झालेल्या रॉयल बोटॅनिक गार्डनमधून, पाण्याच्या कडेने, मिसेस मॅक्वारीज चेअरपर्यंत जाते. कैद्यांनी १८१० मध्ये खडकात कोरलेले हे आसन आहे, आणि पूल व ऑपेरा हाउस एकत्र दिसतात ते इथून. छायाचित्रे घ्यायची असतील तर सकाळी जावे, तेव्हा उजेड पाठीमागून येतो. परतताना आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्स वाटेतच आहे आणि तिथे सर्वसाधारण प्रवेश विनामूल्य आहे. पावसाच्या दिवसासाठी ती आणि ऑस्ट्रेलियन म्युझियम ही दोन ठिकाणे राखून ठेवावीत. दुसऱ्या ठिकाणीही कायमस्वरूपी दालनांना तिकीट नाही.

ऑपेरा हाउस आतून दाखवायचे असेल तर नेहमीच्या सहलीत सुमारे तीनशे पायऱ्या आहेत हे लक्षात ठेवून लिफ्टने होणारी वेगळी सहल आधी विचारून घ्यावी. त्याहून चांगले म्हणजे एखाद्या संगीताच्या कार्यक्रमाची साधी तिकिटे काढावीत: इमारत ज्या कामासाठी उभी आहे, त्या कामात ती पाहायला मिळते.

टरॉंगा प्राणिसंग्रहालयाला सर्क्युलर कीहून बोटीने बारा-पंधरा मिनिटांत जाता येते, पण ते डोंगरउतारावर आहे. धक्क्यावरून बसने वर मुख्य प्रवेशद्वाराशी जावे आणि वरून खाली फिरत यावे. खालून चढत जाण्याचा हट्ट धरू नये.

किनाऱ्यावरचे नियम

बॉन्डाय पाहिल्याशिवाय कोणाचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. पण इथला समुद्र दिसतो त्यापेक्षा जोरकस आहे. लाल-पिवळ्या निशाणांच्या मधल्या पट्ट्यातच पाण्यात उतरावे, कारण जीवरक्षक तेवढ्याच भागावर सतत नजर ठेवून असतात. निशाणे नसलेल्या किनाऱ्यावर पाण्यात जाऊच नये. लाटांच्या रांगेत मधेच जिथे पाणी गडद आणि शांत दिसते, तिथे बहुधा आत ओढून नेणारा प्रवाह असतो. अननुभवी माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते आणि घात होतो. प्रवाहात सापडल्यास त्याच्याशी झुंजू नये, तरंगत राहून हात वर करावा. साडी किंवा सलवार-कमीज नेसून गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये, कारण ओले कापड पायांत गुंडाळते.

नातवंडांना आणि आजी-आजोबांना एकत्र न्यायचे असेल तर महासागराऐवजी बंदराच्या आतले किनारे निवडावेत. बॅलमोरल किंवा वॉटसन्स बेजवळचा कॅम्प कोव्ह इथे मोठ्या लाटा येत नाहीत. बॉन्डायहून ब्राँटीमार्गे कूजीपर्यंतची कड्यावरची वाट सहा किलोमीटरांची आहे आणि तिच्यावर पायऱ्या बऱ्याच आहेत. ज्येष्ठांनी ब्राँटीपर्यंत, म्हणजे जेमतेम अडीच किलोमीटर, चालावे आणि तिथून बस धरावी. ब्राँटीला समुद्राचेच पाणी भरणारा, खडकात बांधलेला तलाव आहे, त्यात उतरायला पैसे पडत नाहीत. कूजीचा मॅकआयव्हर्स हा तलाव तर केवळ स्त्रिया आणि लहान मुलांसाठी राखीव आहे. आयुष्यात कधी समुद्रात न उतरलेल्या आईला तिथे अवश्य न्यावे.

ऊन दिसायला सौम्य असले तरी त्वचा भाजते. रुंद काठाची टोपी, पन्नास एसपीएफचे मलम आणि अकरा ते तीन सावलीत, एवढे उन्हाळ्यात कटाक्षाने पाळावे.

मोटारीचे दोन दिवस

ब्लू माउंटन्सना मोटार लागते असा समज आहे, पण तिथे रेल्वे जाते. सेंट्रल स्थानकाहून तिथले कटूंबा गाव सुमारे दोन तासांवर आहे, त्याच गाड्या पॅरामॅटालाही थांबतात, आणि भाडे ओपल कार्डाने भरता येते. स्थानकाबाहेरून बसने एको पॉइंटला गेले की थ्री सिस्टर्स हे तीन सुळके समोर उभे राहतात. सीनिक वर्ल्डमधली रेल्वे ५२ अंशांच्या उतारावरून दरीत उतरते, आणि खालची लाकडी वाट चालायला सोपी आहे. कटूंबा समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर असल्याने शहरापेक्षा बरेच गार असते आणि धुके आले तर काहीच दिसत नाही. म्हणून तिकिटे आगाऊ न काढता आदल्या संध्याकाळी हवामान पाहून ठरवावे. हे रेल्वेने होणारे ठिकाण असल्याने ते कामाच्या दिवशी, गर्दी नसताना करावे.

मोटारीचा पहिला शनिवार दक्षिणेसाठी ठेवावा. हेलन्सबर्गच्या श्री वेंकटेश्वर मंदिरात सकाळी दर्शन घ्यावे, मग बाल्ड हिलच्या टेकडीवर थांबावे. खालच्या स्टॅनवेल पार्कच्या किनाऱ्यावर उड्डाणाचे प्रयोग करणारे संशोधक लॉरेन्स हारग्रेव्ह यांनी १८९४ साली पेटीच्या आकाराचे पतंग जोडून स्वतःला जमिनीवरून उचलून घेतले होते, आणि आजही तिथे ग्लायडर उडवणारे दिसतात. पुढे सी क्लिफ ब्रिज लागतो. २००५ साली खुला झालेला ६६५ मीटरांचा हा पूल कड्याला वळसा घालत पाण्यावरून जातो. पुलाच्या टोकाला गाडी लावून त्यावरून चालत जाता येते. हा पूर्ण दिवस सावकाश होतो आणि त्यात आणखी काही घालू नये.

दुसरा दिवस मे ते नोव्हेंबरच्या दरम्यान असेल तर कर्नेलजवळच्या केप सोलँडरला जावे. उत्तरेकडे निघालेले देवमासे जून-जुलैत तिथून किनाऱ्याच्या पुष्कळ जवळ दिसतात. दुर्बीण, थर्मास आणि वाऱ्यापासून कान झाकणारी टोपी सोबत असावी, आणि दोन तास तरी बसायची तयारी हवी. मोटारीत सात वर्षांखालील मुलांना मान्यताप्राप्त आसन सक्तीचे आहे, आणि शहरातले टोल रोखीने भरता येत नाहीत, तेव्हा भाड्याची गाडी असेल तर टोलची व्यवस्था आधीच विचारून घ्यावी.

३१ डिसेंबरची आतषबाजी ज्येष्ठांना बंदरावर नेऊन दाखवण्याचा मोह टाळावा. जागा मिळवण्यासाठी सकाळपासून बसावे लागते आणि परतीची गर्दी मध्यरात्रीनंतर कित्येक तास ओसरत नाही.

परतीच्या आधी

शेवटचा आठवडा पुन्हा मोकळा ठेवावा. आवडलेल्या ठिकाणी, बहुतेकदा मॅन्लीलाच, दुसऱ्यांदा जाण्याची इच्छा आई-वडील त्या वेळी स्वतःहून बोलून दाखवतात. खरेदीचाही काळ हाच, आणि तो टूरिस्ट रिफंड स्कीमच्या दृष्टीने योग्यही आहे: निघण्याच्या आधीच्या ६० दिवसांत एकाच विक्रेत्याकडून ३०० डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेची खरेदी केलेली असेल, तर तिच्यावरचा जीएसटी विमानतळावर परत मागता येतो. त्यासाठी खरेदीचे पैसे प्रवाशाने स्वतः भरलेले असावे लागतात, म्हणून मुलाच्या कार्डाऐवजी आई-वडिलांचेच कार्ड वापरावे. बिल हजार डॉलर किंवा त्याहून अधिक असेल तर त्यावर त्यांचे नाव छापून घ्यावे. वस्तू हातसामानात ठेवाव्यात, पण विमानात हाती नेता न येणारी द्रव वस्तू असेल तर सामान सोपवण्यापूर्वीच ती विमानतळावरच्या सीमा अधिकाऱ्यांना दाखवावी. उड्डाणाच्या ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी हा परतावा मागणे बंद होते आणि तिथे रांग असते, त्यामुळे व्हीलचेअर घेऊन आलेल्या मदतनिसाला सुरुवातीलाच त्या खिडकीशी थांबायला सांगावे.